दोन बिल्ल्यांमधली भिंत

फुलसावंगीत साथीच्या आजारांचा अभ्यास करणारं पथक आलं तेव्हा आमच्या घरात दोनच माणसं होती. मी आणि माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ वारला होता. मी वर्तमानपत्रातली नोकरी संपवून गावी परतलो होतो. लग्न केलं नव्हतं.

गावात साथ आली तर ती कोणाकडून कोणाकडे जाईल, हे पथकाला समजून घ्यायचं होतं. त्यांनी घरोघरी काडेपेटीएवढे बिल्ले वाटले. बिल्ला छातीवर अडकवायचा. दोन माणसं हातभर अंतरावर समोरासमोर आली की त्याची भेट म्हणून नोंद होई. बोलणं यंत्र ऐकत नसे.

आमच्याकडे भावजय भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, येत नाही. ती स्वयंपाकघरात, मी पुढच्या खोलीत, मधे भिंत. चहा ती उंबऱ्यावर ठेवी आणि बशी वाजवी. मी पेपर मोठ्यानं वाचत असे. ती तूर निवडत ऐके.

"तुमच्या पेपरात आपल्या गावाचं नाव काहून येत नाही, भाऊजी?"

"इथं काही घडत नाही."

"मंग तुम्ही कायले आले वापस?"

असं सकाळभर चाले. एरवी मी कोणाशी फारसं बोलत नसे.

त्याच दिवसांत तिची मुलगी तिला कायमचं नागपूरला बोलावत होती. फोन स्पीकरवर असे, त्यामुळे मला सगळं ऐकू येई. ती "पाहू" म्हणायची. फोन ठेवून ती परत तूर निवडू लागे. मग मी पुढची बातमी वाचायला घेई. तिनं राहावं, असं मला वाटत होतं.

बिल्ले परत नेताना पथकातल्या मुलीनं लॅपटॉपवर माझं चित्र दाखवलं. माणूस म्हणजे ठिपका, भेट म्हणजे रेघ. माझ्या ठिपक्यातून दोन रेघा निघत होत्या, एक न्हाव्याकडे आणि एक दूधवाल्याकडे. घरातल्या दुसऱ्या ठिपक्याकडे एकही नव्हती.

"काका, बिल्ला काढून ठेवत होता का?"

"नाही."

"मग बिघडला असेल," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी उठून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. भावजयीनं पदर ओढला आणि ओट्याकडे तोंड केलं.

"नागपूरला जाऊ नको," मी म्हणालो. "इथंच राहा."

कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केला.

"पोरीनं कालच तिकीट काढलं, भाऊजी. तुम्ही सारं ऐकून राह्यले होते. काही बोलले नाही. मले वाटलं, तुमची मर्जी हाये."

"तिकीट रद्द करता येतं."

"तिनं खोली रंगवली माह्यासाठी."

ठरलेल्या दिवशी मी तिला महागावच्या स्टँडवर पोचवलं. बॅग वर ठेवून खाली उतरलो. ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "रात्री मागच्या दाराची कडी लावत जा."

मी हो म्हणालो. गाडी सुटायला वेळ होता. मी खिडकीखाली, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. पण त्यानंतर आम्ही काही बोललो नाही.