आता पटलं ना, तो बगळा नव्हता

मंडळी, घोडबंदरच्या कड्यावर लांब शेपटीचा समुद्रपक्षी आलाय, असं मी परवा सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. बगळा असेल म्हणालात.

म्हणून आज सकाळी आपल्या ठाण्यातले पक्ष्यांचे जाणकार, नाना, यांना घेऊन गेलो. त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे तुझं. इकडे हा कधी कुणी पाहिलेला नाही," म्हणाले, आणि इथला गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेलेली बंदूक खांद्याला लावली.

"नाना, राहू द्या ना त्याला."

"अरे, नमुना दाखवल्याशिवाय आपलं कोण ऐकणार?"

आता तो माझ्या टेबलावर आहे, पोटात कापूस भरलेला. या, बघून खात्री करा. आणि मला सांगा, उद्या त्या कड्यावर मी काय बघायला जाऊ?