आपांबरोबर सारसोळ्यापर्यंत

आपा खोटं फार सुंदर बोलायच्या. डोळ्याला डोळा भिडवून, अजिबात न अडखळता, आणि नेहमी दुसऱ्याच्या भल्यासाठी. नव्वदच्या दशकात नेरुळला त्या आमच्या शेजारी राहायच्या. मूळच्या श्रीवर्धनच्या; मिस्टर बेलापूरला सरकारी कचेरीत. सगळी सोसायटी त्यांना आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणायची. एकदा मिस्टरांच्याही तोंडून ‘आपा’ निघून गेलं, तेव्हा त्या आठवडाभर हसत होत्या.

माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, बाळंतपणासाठी साताऱ्याहून आल्या होत्या आणि डिंकाचे लाडू करून करून थकत नव्हत्या. इकडे दिराचं लग्न तोंडावर आलेलं आणि माझा जरीचा ब्लाउज दंडातच अडकत होता. मग मी गुपचूप जेवण सोडलं. आत्यांची पाठ वळली की भाकरी पदराखाली. दिवसभर नुसतं लिंबूपाणी.

एका दुपारी बाळाला घेऊन जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मागून आपा येत होत्या. त्यांनी झेप घेऊन बाळाला धरलं आणि मला खुशाल पडू दिलं.

“मला नाही धरलंत!” मी ढोपर चोळत रडायला लागले.

“तू भरीव आहेस गो, तुला काय होतंय!” म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “आज काय खाल्लंस? खरं सांग.”

“लिंबूपाणी,” मी पुटपुटले.

“आणि पोरीला दूध कशाचं पाजतेस, लिंबाचं?”

त्यांच्या घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण समोर ठेवलं. ताट रिकामं होईपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आत्यांना म्हणाल्या, “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाळाला रोज संध्याकाळी खाडीची हवा पाहिजे. आईनं चालत न्यायचं.”

“बाळंतिणीनं वाऱ्यात हिंडायचं न्हाई,” आत्या म्हणाल्या. “रिक्षानं न्हेलं तर?”

“रिक्षात हवा तिरकी लागते.”

आत्यांनी मुकाट बाळाला टोपडं बांधून दिलं. त्याच संध्याकाळी आपांनी मला खरोखरच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि रागावल्या. नीट जेवा, रोज थोडं चाला, घाई करू नका. वजन नऊ महिने चढत होतं, उतरायलाही तेवढा वेळ द्या. बाहेर आल्यावर आपा म्हणाल्या, “बघ, मी खोटं नव्हते बोलले. फक्त आधी बोलले.”

सुरुवातीला आम्ही नाक्यापर्यंतच जायचो. हळूहळू खाडीकाठी सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या होड्यांपर्यंत मजल गेली. आपांचा नियम एकच : गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं चालायचं. “धाप लागली तर लोकांच्या भानगडी कोण सांगणार?” आत्यांच्या लाडवांतला रोज एकच मला; उरलेले आपा ‘तुझ्या तब्येतीसाठी’ स्वतः खायच्या. माझं वजन उतरत होतं, त्यांचं चढत होतं.

तरी लग्नापर्यंत ब्लाउज काही होईना. मी कोपऱ्यात बसून रडले. आपांनी तो उचलला, बगलेतली शिवण उसवली आणि दोन्हीकडे पट्टी जोडली. “ब्लाउज बाईच्या मापाचा करतात, येडे. बाई ब्लाउजच्या मापाची नाही करत.” मी मांडवात पोटभर जेवले. जुने कपडे अंगाला व्हायला मुलीचा पहिला वाढदिवस उलटून गेला. तोवर मी वाट बघायचंही विसरले होते.

पुढे मिस्टर रिटायर झाले आणि ती दोघं श्रीवर्धनला गेली. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भेटायला गेलो, तर आपा समुद्राकाठी दोन तरुण बाळंतिणींबरोबर फिरत होत्या. नमस्कार-चमत्कार दूरच, एकीचं बाळ उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं.

“धर. हिचे हात मोकळे होऊ देत.”

पोरी भराभर पुढे गेल्या. आपा मागे, माझ्याबरोबर. गुडघ्यावर हात टेकत चालत होत्या. मी विचारलं, “दमलात का आपा?”

“छे गो! तुला दम लागेल म्हणून हळू चालतेय.”

मी बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाऊल आणखी लहान केलं.