पाठ धरणारी

मेहकरच्या वाटेवर मिशनचा दवाखाना होता. तिथल्या आया अन्नपूर्णाबाई कामानं नाही थकल्या. त्या थकल्या मधे पडून. नॉर्वेहून आलेली इंग्रिड सिस्टर सांगायची एक, बाळंतिणीच्या गोताला हवं असायचं भलतंच, आणि बोलणी दोन्हीकडची यांच्याच पदरात. सिस्टर खिडक्या उघडायची, म्हाताऱ्या लावून घ्यायच्या. सिस्टर बाळंतिणीला गार पाणी द्यायला लावायची; अन्नपूर्णाबाई तांब्या मागल्या चुलीवर कोमट करून आणायच्या आणि म्हणायच्या, "थंडच हाये, सिस्टरबाई."

अशात त्यांची लेक सुभद्राच दवाखान्यात आली. पहिलं लेकरू सुलतानपूरला, सासरी, घरातच दगावलेलं. म्हणून या खेपेला अन्नपूर्णाबाईंनी हट्ट धरून तिला इथं आणवलं. विहीण मनकर्णाबाई ओसरीत ठाण मांडून बसल्या, गाडी जुंपलेलीच.

दुपारी कळा वाढल्या. टेबलावर उताणी पडलेली सुभद्रा कण्हत होती, "पाठ... पाठ धर वं माय!"

सिस्टरची मराठी पुण्याच्या पंडितानं घडवलेली. तिला 'पाठ' तेवढं कळलं.

"होय, होय. पाठीवरच पहुडा," म्हणत तिनं पोरीचे खांदे पुन्हा खाली दाबले.

"मले नाई राह्यचं अठी! घरी ने मले!" सुभद्रानं पाय टेबलावरून खाली सोडले.

बाहेरून मनकर्णाबाई कडाडल्या, "आना तिले बाहेर! म्हैसबी उभ्यानं विते, अन् तुमची सिस्टर मानसं लोळवते!"

एरवी अन्नपूर्णाबाईंनी हे सगळं गोड करून इकडचं तिकडं केलं असतं. आज गोड करायला अंगात काही उरलं नव्हतं. पोरगी गाडीत बसली की मागच्यासारखंच, एवढंच दिसत होतं.

"सिस्टरबाई, पाठीवर निजाचं नाई म्हनून राह्यली ते. पाठ धर म्हंजे मांगं बसून आवळून धर. आमच्यात एक बाई मांगं बसतेच. मी चढून राह्यली टेबलावर. कामावरून काढाचं असन तं उद्या काढा."

"आमच्या देशात नातलग आत..." सिस्टर थांबली. पोरीच्या पायांकडं तिनं पाहिलं. "चढा. हात धुऊन."

लेकीचा सगळा भार छातीवर घेऊन अन्नपूर्णाबाई बसल्या. ऊन उतरता उतरता लेकरू आलं.

"पोरगी हाये, इहीनबाई! रडून राह्यली, आयका!"

ओसरीतून मनकर्णाबाईंचा बसका आवाज आला, "रडू द्या. रडते म्हंजे हाये."

तेव्हापासून सिस्टर हरेक अडलेल्या बाईपाशी हाक मारू लागली, "अन्नपूर्णाबाई, पाठ!" एवढ्या बायांची पाठ धरता धरता त्यांचीच कंबर धरली. सुभद्रा माहेरी आली की चिंधीत गरम वीट गुंडाळून त्यांची कंबर शेकायची.

"सोड ना वं माय ते काम आता."

"हाव, सोडीन," पालथ्या पडूनच त्या म्हणाल्या. "अन् मांगं कोन बसन? तुही सासू?"