कारण अज्ञात

वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दुपारी तीनला सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं वाटे. पंखा डुलत फिरे, उन्हाचा पट्टा टेबलावरून सावकाश सरके आणि ग्रंथपालबाई कुणा शिकाऊ डॉक्टरचा लेख वाचत बसलेल्या असत. एखाद्या रुग्णाचा जगावेगळा आजार वैद्यकीय मासिकात मांडायचा, म्हणजे ही पोरं अगदी घायकुतीला येत. बाई त्यांची वाक्यं सरळ करत, संदर्भ जुळवत, वेळप्रसंगी कान उपटत. सव्वीस वर्षांत त्यांचं स्वतःचं नाव कुठंच छापून आलं नव्हतं. त्याचं त्यांना वाईट वाटे आणि त्या ते लपवतही नसत.

त्यांचा एक हट्ट होता. परवानगीच्या कागदावर सही घेण्याआधी लेख रुग्णाला त्याच्या घरी जाऊन, सोप्या भाषेत वाचून दाखवायचा. पोरं कपाळाला हात लावत, पण जात.

आज सोबत आलेली शिकाऊ डॉक्टर तर हवेतच होती. एका म्हाताऱ्याचं उजवं मनगट लुळं पडलं होतं, कारण कुणालाच सापडलं नव्हतं. लेख मासिकाला पसंत पडला होता. सही मिळाली की छापून येणार, आणि पुढच्या शिक्षणाची जागा त्यावरच अडली होती.

"मावशी, सही देतील ना हो?" तिनं वाटेत बाईंना विचारलं.

"आधी ऐकू तर दे त्यांना."

म्हाताऱ्याच्या खोलीत पाऊल टाकताच बाईंना आपण झोपेतच चालतोय असं वाटलं. चारी भिंतींना दुकानांच्या पाट्या टेकवलेल्या. निळी, पिवळी, अजून ओली अक्षरं उन्हात तरंगत होती.

"हे कुणी रंगवलं?" बाईंनी विचारलं.

"मीच. पोरानं बळंच घरी बसवलंय, म्हणून दवाखान्यात 'निवृत्त' सांगितलं. चोरून करतो. उजवा रुसला, तर आता डाव्यानं."

डॉक्टर वाचू लागली. म्हातारा ऐकता ऐकता रंगवत होता. त्यानं ब्रश पिवळ्या डब्यात बुडवला, अक्षराची कड भरली आणि सवयीनं ओठांत धरून ब्रशला टोक काढलं.

"कारण अज्ञात" या शब्दांपाशी डॉक्टर थांबली आणि म्हाताऱ्याच्या ओठांतल्या ब्रशकडे बघू लागली. बाईंनाही तो दिसला होता. सगळं जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. हे त्या पोरीनंच बोलायला हवं होतं.

"बाबा, ब्रश असा तोंडात किती वर्षं घालताय?"

"चाळीस. टोक बघ कसं सुईसारखं येतं!"

"या रंगात शिसं असतं. त्यानंच हात गेलाय तुमचा. मी कधी विचारलंच नाही, तुम्ही काय काम करता ते."

तिनं लेखाची घडी घातली, मग आणखी एक घडी.

"म्हणजे माझं छापून येणार नाही?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही. कारण सापडलं ना आता."

"आणि हात?"

"उद्या रक्त तपासू. औषध सुरू केलं की बहुतेक सुधारेल."

म्हातारा खदखदून हसला. "अगं, मग रडतेस कशाला?"

"लेख चांगला झाला होता हो, बाबा," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.