रोवणीत जावेच्या बाजूले

मले माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटते. आजवर कोणाले सांगितलं नाई. पोरगी माझी, पोटात मी वागवली, अन् शांत होते तिच्याजवळ. मंग वाटणार नाई तं काय?

पोरगी बारा वर्षांची. तिचं डोकं वेगळ्या चालीनं चालते, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. एका जागी ठरत नाई; गलका वाढला का स्वतःचं मनगट चावते. गडचिरोलीले जाऊन मी तिच्यासाठी सावकाश करायचे व्यायाम शिकून आली. हात हळू वर, श्वास आत, पाय मागं. रोज संध्याकाळी सतरंजी टाकून बसवत होती. दोन मिनिटांत पोरगी अंगणात.

जावेनं एक व्यायाम शिकला नाई. तिची आपली तीन लेकरं, तिन्ही शहाणी. तरी माझी एकुलती एकही तिलेच पाहिजे! यंदा धानाच्या रोवणीत पोरगी तिच्या बाजूले चिखलात उभी राह्यली. वाकायचं, धानाचे कोवळे पऱ्हे खोचायचे, एक पाऊल मागं. पुन्हा वाकायचं. दुपारपर्यंत मनगट तोंडात गेलं नाई. बाया म्हणे, "हे तं मोठ्या आईचीच पोरगी." मी हसली. आतून जळून कोळसा झाली.

दुसऱ्या दिवशी पोरीले हात धरून धानाच्या बांधीच्या दुसऱ्या टोकाले नेलं. आमच्याकडे रोवताना जिचा हात मंद, तिच्या दोन्ही बाजूंनी भराभर रोवून बाया तिले मधात कोंडतात अन् वरून हसतात. जावेसमोर मले कोंडून घ्यायचं नव्हतं. म्हणून मी घाई केली, अन् तोंडानं शिकवतही राह्यली, "सावकाश. श्वास घे. आता पाय मागं." पोरीनं रोवलेले पऱ्हे उपटून फेकले, चिखलात बसली अन् मनगट चावलं. रक्त निघालं.

जाऊ आली. बोलली नाई, पोरीले हात लावला नाई. बाजूले वाकून रोवत राह्यली. थोड्या वेळानं पोरगी आपली आपण उठली.

"असं काय करता बाई तुम्ही?" मी तिरसटपणानं विचारलं.

"काईच नाई," ती म्हणे. "तुले तिचं भेव वाटते. मले नाई वाटत."

दोन दिवस मी तिच्याशी बोलली नाई. खोटं बोलली असती तं माफ केलं असतं.

तिसऱ्या दिवशी पोरगी जावेच्याच बाजूले होती; मी पोरीच्या दुसऱ्या बाजूले जाऊन उभी राह्यली. तोंड बंद ठेवलं. माझा हात मंद पडला, बाकीच्या बाया मागं सरकत लांब गेल्या. गेल्या तं गेल्या. पोरगी जशी सरके, तशी मी सरको. मंग तिच्या हातचे पऱ्हे सरले. न पाहताच तिनं हात पसरला, माझ्याकडे. मी माझ्यातले अर्धे दिले, अन् लगेच मान वळवून जावेचं तोंड पाह्यलं, जळली का म्हणून.

ती वाकून आपली रोवून राह्यली होती. तिचं लक्षच नव्हतं.