घर बघायला साहेब आले

फुलाबाईला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या डोंगरातल्या वाडीत तिच्याइतकं शहाणं माणूस नव्हतं. पण शहाणपण वाडीतलं आणि घर मार्गासनीच्या स्कीममधलं, तिथंच घात झाला.

तिचा मुलगा रोहिदास टेम्पो चालवतो. नवरा गेल्यावर फुलाबाईनं मेंढरं विकली, रोहिदासनं कर्ज काढलं आणि मायलेकांनी ते नवं घर घेतलं. बिल्डर अर्ध्यातच पळाला. आजूबाजूची घरं ओसाड पडली, त्यांना कुत्रं विचारेना. आता घर विकलं तरी कर्ज फिटणार नव्हतं आणि हप्ता झेपत नव्हता. शेवटी सून नूतननं भोरला खेटे घालून एक बँक शोधली. घराची किंमत कर्जापेक्षा कमी असली तरी ती जुनं कर्ज फेडून कमी व्याजाचं नवं देणार होती. अट एवढीच, की बँकेच्या माणसानं येऊन घर धड आहे असा शेरा द्यायचा. नाहीतर लिलाव.

घर धडच होतं. मी त्या भिंतींना पाठ टेकून बसलोय, ओल म्हणून कुठं नाही.

साहेब आले तेव्हा रोहिदास चहाला दूध आणायला गेला होता आणि नूतन बाळंतपणाला माहेरी, उत्रोलीला. साहेब भला माणूस. दारातच म्हणाला, "आजी, घर फार सुरेख आहे हो तुमचं!"

आमच्यात कुणी गुराला, पोराला, घराला चांगलं म्हटलं की आपण लगेच नावं ठेवायची, नाहीतर नजर लागते. दुभत्या म्हशीलाही आम्ही भाकड म्हणतो. ऐकणारा ते खरं धरत नाही.

"कसलं सुरेक, सायेब!" फुलाबाई घाईघाईनं म्हणाली. "पावसाळ्यात समदं गळतंय. पाया बी कच्चा हाय."

"पण भिंती तर मजबूत दिसतात."

"वरनं दिसत्यात. आतनं पोकळ हायेत. छत पडंल म्हून झोप लागत न्हाई."

साहेबानं मोबाईलवर सगळं टिपलं आणि चहा न घेताच गेला. घराला लागणारी नजर टळली म्हणून फुलाबाई खूश होती.

बँकेनं नाही म्हटलं. रोहिदास भोरला जाऊन अक्षरशः पाया पडला, पुन्हा माणूस पाठवा म्हणाला. "आता आईला पढवून ठेवाल," म्हणून तिथले लोक हसले.

लिलावाची नोटीस दारावर लागली त्या दिवशी रोहिदास चारचौघांत आईला म्हणाला, "भाईरच्या कुणाची न्हाई लागली नजर, तुजीच लागली. तुजं डोळंच वाईट हायेत."

त्यापेक्षा त्यानं मारलं असतं तर बरं. बाईनं ते खरं मानलं.

ती वाडीवर परत आली. काही महिन्यांनी नूतन नातू दाखवायला डोंगर चढून आली आणि तिनं पोर सासूच्या मांडीवर ठेवलं. फुलाबाईनं तोंडावर पदर ओढला. "ने त्येला हितनं," म्हणाली. नूतननं पदर बाजूला केला, तर म्हातारीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. नातू कसा दिसतो, हे तिला अजून ठाऊक नाही.