माझ्या मापाचा स्वेटर

बोरी अरबच्या आमच्या घरात नवी लोकर क्वचितच आली. जुना स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लड्या करून धुवायच्या, सरळ व्हाव्यात म्हणून खाली पाण्याचा लोटा बांधून वाळत टाकायच्या, आणि दिवाळीला त्याचंच दुसऱ्या कुणाला काहीतरी विणून द्यायचं. शाळेत विणकाम शिकण्याची दुर्बुद्धी घरात मला एकटीलाच झालेली, म्हणून ही वेठबिगारी माझ्या गळ्यात. वडलांचा स्वेटर झाला की भावांच्या टोप्या, टोप्या झाल्या की आत्याचा मफलर. साठ सालापर्यंत मी पार विटले होते.

त्या हिवाळ्यात मला यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. वर्ग सकाळचे, थंडी कडाक्याची. उरलीसुरली किरमिजी लोकर मी तीन वर्षं ट्रंकेत जपली होती, स्वतःसाठी.

मोठी बहीण त्याच सालच्या उन्हाळ्यात केळापूरला दिलेली, त्यामुळे जावयाचा पहिला दिवाळसण. धोतर-टोपी घेऊन झाली होती, तरी आईला जावयासाठी हातचा स्वेटर हवा होता. तिनं माझी ट्रंक उघडली. मी नाही म्हटलं.

"तुह्यासाठी पुढच्या साली विणजो," एवढंच ती म्हणाली.

दळण, सारवण, फराळ आटोपून मी सुया हातात घ्यायची. बोटं ठणकायची, मान वर होत नसे. मग रागाच्या भरात युक्ती सुचली. जावई अंगानं चांगला भरलेला. मी टाके माझ्याच मापाचे घातले. अंगात शिरणार नाही, आपसूक परत येईल. आईला विणकामातलं ओ की ठो कळत नव्हतं. लहान दिसतो म्हणाली, तर लोकर अंगावर सैल होते असं मी ठोकून दिलं.

ओवाळणी झाल्यावर जावयानं तो कसाबसा डोक्यातून ओढला. बाह्या कोपराशीच संपल्या. भाऊ हसू दाबत अंगणात पळाले. सासूनं दिलेलं लगेच काढायचं कसं, म्हणून तो भला माणूस दुपारपर्यंत घामाघूम बसून राहिला आणि जाताना घडी घालून घेऊनही गेला. माझी चलाखी माझ्याच अंगाशी आली. मी आईची जुनी शाल पांघरून वर्गात बसले आणि मनात सगळ्या घराला शिव्या दिल्या.

संक्रांतीला बहिणीकडे गेले. ती चुलीपुढे होती, अंगात तोच किरमिजी स्वेटर. नेमका बसला होता. आमची दोघींची अंगकाठी एकच. प्रवासानं शिणले होते, तोंडातून निघूनच गेलं की तो मी माझ्यासाठी, माझ्या मापानं विणला होता.

ती रागावली नाही. बाही चाचपत राहिली.

"मले वाटलं, तू माह्यासाठीच मुद्दाम लहान विणला. सासरी गेलेल्या पोरीले कोनी विणून देत नाही ना, म्हनून."

मी आठवून पाहिलं. इतक्या दिवाळ्यांत तिच्यासाठी मी एक टाकाही घातला नव्हता. तुझ्यासाठीच होता, मस्करी केली, असं मी घाईघाईनं म्हटलं. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

परतीच्या गाडीत थैली उघडली तर स्वेटर वरच ठेवलेला, नीट घडी घालून. यवतमाळला थंडी अजून होती. मी शालच पांघरली.